औषध चिठ्ठीशिवाय नको म्हणता, मग मेडिकलची ॲडमिशन ऐकीव सल्ल्यावर कशी घेता?

जून उजाडला की माझ्या दवाखान्यात एक नेहमीची साथ येते. रुग्ण येतो गुडघेदुखीसाठी, शुगर दाखवायला किंवा महिन्याच्या गोळ्या लिहून घ्यायला. तपासणी होते, केसपेपरची घडी पिशवीत जाते, आणि दाराशी गेलेला माणूस मागे वळून विचारतो, "डॉक्टर, मुलाला नीटमध्ये चारशे नव्वद आहेत. पुण्यात मिळेल का हो?" कधी आई विचारते, कधी मामा, कधी शेजारी. ज्याच्या ॲडमिशनचा प्रश्न असतो तो मुलगा बहुतेक वेळा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो.

या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. काही जणांना त्याचा राग येतो. "तुम्ही स्वतः डॉक्टर, तुम्हाला माहीत नसणार का?" असं तोंडावर विचारणारेही आहेत. म्हणून आज आजारांचा विषय बाजूला ठेवून हे लिहितो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. मेडिकल प्रवेशाचा सल्ला तुम्ही ज्या पद्धतीनं गोळा करता, त्या पद्धतीनं तुम्ही तापाची गोळीसुद्धा घेत नाही. निदान घेऊ नये.

मी चिठ्ठी लिहितो तेव्हा त्यावर माझं नाव असतं, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा माझा नोंदणी क्रमांक असतो, तारीख असते, सही असते. चुकीचं औषध लिहिलं तर तुम्ही ती चिठ्ठी घेऊन माझ्यावर तक्रार करू शकता. आता प्रवेशाचा सल्ला देणाऱ्यांकडे बघा. क्लासचे सर, ज्याच्या मुलीचा गेल्या वर्षी नंबर लागला तो ऑफिसातला सहकारी, मोबाइलवर रात्री अकरा वाजता "हे कॉलेज टाकूच नका" असं लिहिणारा कुणीतरी अनोळखी, "काउन्सेलर" अशी पाटी लावून सदाशिव पेठेत तीन महिन्यांसाठी गाळा भाड्यानं घेतलेला गृहस्थ. यांच्यापैकी कुणाच्या सल्ल्यावर सही असते? सल्ला उलटला तर यांच्यापैकी कुणाचं काय जातं? जातं ते तुमच्या मुलाचं वर्ष आणि तुमच्या फंडातले पैसे.

"पण त्यांचा अनुभव असतो ना," असं तुम्ही म्हणाल. त्या अनुभवाचं एक उदाहरण घेऊ. नीट ७२० गुणांची. २०२४ साली सहाशेच्या वर गुण मिळवलेली मुलं ऐंशी हजारांच्या आसपास होती. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, पेपर इतका अवघड निघाला की सहाशेच्या वर गेलेली मुलं देशभरात मिळून सुमारे तेराशे. परीक्षा तीच, गुण तेच, आणि क्रमांकात जमीन-अस्मानाचा फरक. २०२४ ला ज्या बापाच्या मुलाला सहाशे गुण असूनही सरकारी कॉलेजसाठी रडावं लागलं, त्यानं २०२५ ला अगदी कळवळ्यानं सांगितलं असेल, "सहाशेच्या खाली काही खरं नाही." आणि पाचशे साठ मिळवलेली एखादी हुशार मुलगी रात्रभर रडली असेल. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचा अनुभव खराच होता, पण तो मागच्या वर्षीच्या पेपरचा होता.

त्यात २०२४ चा निकाल तर जाहीर झाल्यावरही बदलला. सुरुवातीला ६७ मुलांना पैकीच्या पैकी होते. वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाच्या उत्तराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जुलैअखेरच्या सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुणांची मुलं उरली १७. हजारो मुलांचे क्रमांक हलले. जून महिन्यात ज्यांनी छातीठोकपणे कटऑफ सांगितले होते, त्यांचं काय झालं? काही नाही. त्यांनी ऑगस्टमध्ये नवे सांगितले.

म्हणून गुणांवरून कॉलेज विचारूच नका. प्रवेश मिळतो तो क्रमांकावर, गुणांवर नाही. मागच्या वर्षीचे आकडे बघायचेच असतील तर शेवटच्या मुलाचा अखिल भारतीय क्रमांक बघा आणि तोही आपल्याच प्रवर्गातला, त्याच कोट्यातला, त्याच फेरीतला. तो पूर्ण नाही, पण बराच टिकाऊ असतो.

आता आम्हा डॉक्टरांबद्दल. माझ्या वयाचे बरेच डॉक्टर बारावीच्या पीसीबीच्या मार्कांवर मेडिकलला गेले. राज्याची सीईटी आली १९९९ ला. देशपातळीवरची नीट पहिल्यांदा झाली २०१३ ला, ती न्यायालयात रद्द ठरली, २०१६ ला परत आली. आमच्या काळात महाराष्ट्रात विभागवार वाटणी होती. सत्तर टक्के जागा आपल्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के बाकीच्यांना. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे ते विभाग. हे ७०:३० सूत्र राज्य सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केलं. तरीही "लातूरला बारावी केली तर मराठवाड्याचा कोटा मिळतो" हा सल्ला मी अजून ऐकतो, आणि तो देणाऱ्यांत एमबीबीएस, एमडी झालेले लोकही असतात. हृदयाचा झटका कसा ओळखायचा हे आम्हाला विचारा. प्रवेशाच्या नियमांबाबत आम्ही जुनी पंचांगं आहोत.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला आहे तो पसंतीक्रमाबद्दलचा. इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे एकदा नीट कळलं तर निम्म्या लोकांना सल्लागाराची गरजच राहणार नाही.

सल्ला असा असतो: "तुमच्या मार्कांना बी. जे. मिळणार नाही, मग पहिला नंबर कशाला वाया घालवता? जे मिळण्यासारखं आहे तेच वर टाका." ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं, पण ते साफ चूक आहे.

चितळ्यांच्या दुकानातली रांग डोळ्यांसमोर आणा. तुमचा नंबर आला. तुम्ही विचारलं, बाकरवडी आहे? संपली. मग आंबा बर्फी? आहे. घेतली. तुम्ही आधी बाकरवडी विचारली म्हणून तुमच्या मागच्या माणसाला तुमच्या आधी बर्फी मिळाली का? नाही. त्याचा नंबर अजून आलेलाच नाही. प्रवेशाचा संगणक हेच करतो. गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. तुमच्या मुलाचा नंबर आला की त्याची यादी वरून खाली वाचतो. पहिलं कॉलेज शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरं बघतो, मग तिसरं. खालच्या क्रमांकाच्या मुलानं तेच कॉलेज पहिलं टाकलं असलं तरी तो तुमच्या मुलाच्या आधी येत नाही. म्हणजे "वाया जाणं" हा प्रकारच इथे नाही. तोटा फक्त उलट बाजूनं होतो. "सुरक्षित" म्हणून खालचं कॉलेज वर टाकलंत, तर संगणक इमानदारीनं तेच देऊन मोकळा होतो. वरच्या पसंतीचं शिल्लक होतं की नाही हे तो बघतही नाही, कारण तुम्हीच त्याला सांगितलं की आम्हाला हे जास्त हवं आहे.

माझे एक रुग्ण आहेत, निवृत्त कारकून. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. वर्षानुवर्षं आटोक्यात असलेला त्यांचा रक्तदाब एका ऑगस्टमध्ये १७० वर गेला. गोळ्या चुकल्या नव्हत्या, मीठ वाढलं नव्हतं. मुलीला घरापासून पाचशे किलोमीटरवरचं कॉलेज लागलं होतं. यादी लागल्यावर त्यांनी बघितलं तर तिच्याहून खालच्या क्रमांकाच्या मुलीला पुण्यातलं मिळालं होतं, त्याच प्रवर्गात, त्याच फेरीत. मुलीच्या यादीत पुण्यातलं कॉलेज होतं नवव्या नंबरला. "पुणे रिस्की आहे, खाली टाका," असं कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. मी गोळी वाढवली. दुसरं काय करणार?

तेव्हा यादी भरायचा नियम एकच. मुलाला खरोखर जे सगळ्यात जास्त हवं ते पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. मिळेल की नाही हा हिशेब त्यात आणू नका. जिथं जायचंच नाही ते कॉलेज मात्र यादीत घालू नका. "जास्त भरली की चान्स वाढतो" हे ऐकून डोळे मिटून पन्नास नावं भरणारे आहेत. त्यातलं पंचेचाळिसावं लागलं आणि ते तुम्हाला नको असलं की खरे वांधे तिथून सुरू होतात. मिळालेली जागा नाकारण्याचे परिणाम पहिल्या फेरीत वेगळे, नंतरच्या फेऱ्यांत वेगळे, राज्याचे वेगळे, केंद्राचे वेगळे. केंद्रीय समितीच्या, म्हणजे एमसीसीच्या प्रक्रियेत अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख रुपये अनामत भरावी लागते. शेवटच्या स्ट्रे फेरीत मिळालेली जागा सोडली तर ती अनामत जाते आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बसता येत नाही, असा गेल्या काही वर्षांतला नियम आहे. "अहो, घेऊन ठेवा, नंतर सोडता येते," म्हणणाऱ्याला हे पान कधी वाचलंस का, असं विचारा.

राज्याच्या प्रक्रियेत आणखी एक कागद आहे, स्टेटस रिटेन्शन फॉर्म. मिळालेल्या जागेवर प्रवेश घेऊन हा फॉर्म भरला की तुम्ही पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता, आहे ती जागा कायम. तो भरला नाही तर तुम्ही पुढच्या फेरीत राहता, पण तिथे नवी जागा लागली की जुनी आपोआप रद्द. "बघू तरी काय लागतंय, आवडलं नाही तर जुनं आहेच" हा विचार इथे चालत नाही. जुनं राहत नाही. म्हणून पुढच्या फेरीत हातातल्या जागेपेक्षा जास्त हवी तेवढीच कॉलेजं टाकायची. हा सगळा मजकूर सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत असतो. पुस्तिका कंटाळवाणी असते, मान्य आहे. पण तुम्ही दोन बीएचके घेताना बिल्डरचा करार वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घेता. ही पुस्तिका घरातल्या दोन माणसांनी दोन रात्री बसून वाचायला काय हरकत आहे? मुलानं तर वाचलीच पाहिजे. जो मुलगा तीन विषयांची जाडजूड पुस्तकं पाठ करतो, त्याला हे जड नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास लागतो, आणि सर्वसाधारण नियम म्हणजे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, त्याला काही ठरावीक अपवाद आहेत. आरक्षित प्रवर्गाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, अकरावीतच अर्ज करा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती तारीख बघा. राज्यातला एसईबीसी प्रवर्ग अखिल भारतीय पंधरा टक्क्यांच्या कोट्यात नसतो. ओबीसी असाल तर तिथे केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. एएफएमसीची वाट केंद्राच्या नोंदणीतून जाते, राज्याच्या फॉर्ममध्ये ते शोधत बसू नका.

आता पैशाकडे येतो. फुकटच्या सल्ल्याचं बिल दुसरीकडे कुठेतरी फाटतच असतं. ड्रॉप घ्यायला सांगणाऱ्या क्लासला पुढच्या वर्षाची फी मिळते. परदेशी पाठवणाऱ्याला तिथलं कॉलेज डोक्यामागे पैसे देतं. "एवढ्या गुणांत तुम्हाला अभिमतशिवाय पर्याय नाही," असं सांगणाऱ्याचा हिशेब कुठं होतो, हे तुम्ही कधी विचारलंय का? काही अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस-पंचवीस लाखांच्या घरात जाते. साडेचार वर्षांची बेरीज कोटीच्या आसपास. फ्लॅट विकून ही बेरीज भरलेली माणसं मी बघितली आहेत.

आणि त्याच घरात जर मुलगी असेल, तर जुलै २०२४ चा शासन निर्णय कुणी सांगितला होता का? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या जागेवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्यात खासगी कॉलेजंही आली. अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा मात्र त्यात येत नाहीत. म्हणजे एकीकडे शुल्क माफ आणि दुसरीकडे कोटभर रुपये. कमिशनवाल्याला यातली कोणती माहिती सांगणं परवडेल, ते तुम्हीच ठरवा.

"मॅनेजमेंटमधून डायरेक्ट करून देतो" म्हणणारे अजून आहेत. नीटशिवाय आणि सामाईक समुपदेशनाशिवाय एमबीबीएसला प्रवेश नाही. संस्थात्मक कोट्याच्या जागासुद्धा प्रक्रियेतूनच भरल्या जातात. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. "हे सगळं कागदावर, आतून सगळं चालतं," हे वाक्यही मला पाठ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पुणे महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या तेव्हाच्या अधिष्ठात्यांना संस्थात्मक कोट्यातल्या प्रवेशासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं सापळा रचून पकडलं. सगळ्या पुण्यानं ती बातमी वाचली. त्यात माझ्या लक्षात राहिली ती एक गोष्ट. तक्रार करणाऱ्या पालकाच्या मुलाचं नाव गुणवत्तेनं यादीत लागलेलं होतं. म्हणजे पैसे मागितले गेले होते ते हक्काच्या जागेसाठी. "आतून" चालतं त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. जे तुमचंच आहे ते तुम्हाला विकायचं.

काही काउन्सेलर तुमच्या मुलाचा लॉगिन आणि पासवर्ड मागून घेतात, ओटीपी फोनवर विचारतात. "तुम्ही टेन्शन घेऊ नका, यादी आम्ही भरतो." कोऱ्या चेकवर सही करून द्याल का कुणाला? मग हे का देता? फी देऊन कुणाचा सल्ला घ्यायचाच असेल तर लेखी घ्या, त्याच्या नावानिशी. यादी मात्र मुलानंच भरायची आणि मुलानंच लॉक करायची. लेखी द्यायला जो तयार होत नाही, त्याचा सल्ला किती किमतीचा आहे ते तिथेच कळतं.

पात्र ठरणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे, हेही सांगून टाकतो. २०२५ मध्ये बारा लाख छत्तीस हजारांहून जास्त मुलं नीट पात्र ठरली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्र मुलांच्या याद्या मिळवून फोन फिरवणारे धंदेवाईक या दोन आकड्यांमधल्या दरीवर जगतात. "आधी बीडीएस किंवा बीएएमएस घेऊन ठेवा, नंतर एमबीबीएसला बदलून घेता येतं," असंही ते सांगतात. तसं बदलता येत नाही. आयुर्वेद शिकायचं असेल तर आयुर्वेदासाठी जा, मागच्या दारानं दुसरीकडे जायला नको. परदेशाबाबत एकच सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार चौपन्न महिन्यांचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात प्रॅक्टिस करण्याची पात्रता, हे सगळं लागतं. शिवाय परत आल्यावरची परीक्षा, आणि तीत बहुसंख्य मुलं नापास होतात. पाठवणाऱ्याच्या रंगीत पत्रकात हा परिच्छेद शोधून बघा.

मग मला विचारायचं काय? विचारण्यासारखं आहे, पण ते सहसा कुणी विचारत नाही. मला विचारा की चांगलं मेडिकल कॉलेज कशावरून ओळखायचं. कटऑफवरून नाही आणि काचेच्या इमारतीवरूनही नाही. ते ओळखायचं रुग्णांवरून. कॉलेज बघायला जाल तेव्हा सकाळी नऊ-साडेनऊला जा आणि ओपीडीत केसपेपरची रांग बघा. वॉर्डात डोकावता आलं तर किती खाटा भरल्या आहेत ते बघा. प्रसूती विभागात रात्री किती बाळंतपणं होतात, अपघात विभागात किती रुग्ण येतात, ते तिथल्या इंटर्नला चहा पाजून विचारा. ससूनची इमारत कुणाला फार देखणी वाटणार नाही. १८६७ पासून तिथे गोरगरीब येत आहेत, हजाराहून जास्त खाटा आहेत, गर्दी आहे, वास आहे, कटकटी आहेत. आणि बी. जे. ची मुलं तिथे तिसऱ्या वर्षापर्यंत जे बघतात, ते एखाद्या चकचकीत रिकाम्या रुग्णालयात पाच वर्षांतही दिसत नाही. ज्याला फुप्फुसातलं पाणी स्टेथोस्कोपनं ओळखायचं आहे, त्याला पाणी झालेली फुप्फुसं ऐकायला मिळाली पाहिजेत. पन्नास वेळा. पुण्याचं नाव हवं म्हणून रुग्ण नसलेलं कॉलेज घेण्यापेक्षा मिरज, सोलापूर, नांदेड किंवा अंबाजोगाईचं सरकारी कॉलेज मी डोळे झाकून वर टाकीन. "पण मुलगी एकटी तिकडे कशी राहील?" हा प्रश्न समजतो. तिला उद्या एमबीबीएसनंतर सरकारी सेवेचं एक वर्ष एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढायचं आहे, हेही समजून घ्या. सरकारी जागा घेतलीत की ते बंधपत्र आलंच. ते शिक्षा म्हणून बघू नका. तिथेच डॉक्टर घडतो, असं माझं मत आहे, तुम्हाला पटो न पटो.

दुसरं म्हणजे मुलाची झोप किती झाली, हे मला विचारू द्या. निकाल ते शेवटची फेरी हा तीन-चार महिन्यांचा काळ असतो. त्या काळात आठवडाभर न झोपलेली मुलं, छातीत धडधड म्हणून ईसीजी काढायला आणलेली मुलं, जेवण सोडलेली मुलं मी दर वर्षी बघतो. ईसीजी नॉर्मल असतो. घरात मात्र पहाटेपर्यंत बापाच्या मोबाइलवर टिंग टिंग चालू असतं आणि प्रत्येक टिंगसरशी नवा कटऑफ येतो. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, सीईटी सेलचं आणि एमसीसीचं संकेतस्थळ बघा. बाकी काही बघण्याची गरज नाही. दोन्हीकडच्या सूचना तिथेच आधी येतात, तुमच्या भावकीतल्या तज्ज्ञाकडे त्यानंतर. मूल सलग दोन आठवडे झोपत नसेल, कशातच लक्ष लागत नसेल, किंवा "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" अशी भाषा बोलत असेल, तर थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी मदत क्रमांक आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मुलाला माझ्याकडे आणलंत तरी चालेल. फक्त त्या दिवशी त्याला बाहेर बाकावर बसवू नका, आत पाठवा, आणि पहिली दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा.